धूमकेतूसाठी काय घ्यावं: द्विनेत्री की दुर्बीण?

धूमकेतू येतोय अशी बातमी झळकली की ठाण्या-नवी मुंबईत दुर्बिणींची चौकशी सुरू होते. माझं मत आधीच सांगतो: घरात पहिलं साधन येत असेल आणि मुख्य ओढ धूमकेतूंची असेल, तर १०×५० ची (दहापट वर्धन, ५० मिलिमीटरची भिंगं) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्या. वाचलेले पैसे अंधाऱ्या जागी जाण्यासाठी ठेवा.

धूमकेतू ताऱ्यासारखा ठिपका नसतो. त्याची प्रत (तेजस्वितेचा आकडा; तो जितका मोठा तितकी वस्तू फिकट) चौथी सांगितली जाते तेव्हा सगळा प्रकाश एकत्र मोजलेला असतो. आकाशात तो पसरलेला असल्यामुळे चौथ्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा बराच फिकट भासतो. शिवाय चांगल्या धूमकेतूची शेपटी काही अंश लांब असते. १०×५० मधून साधारण साडेसहा अंशांचं आकाश एका नजरेत येतं, म्हणजे ओळीने तेरा पूर्णचंद्र मावतील एवढं. १३० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून कमीत कमी वर्धनालाही फार तर दोन-अडीच अंश दिसतात. डोकं दिसेल, शेपटी बाहेर राहील. आणि संधिप्रकाशात क्षितिजालगतचा धूमकेतू एवढ्याशा खिडकीतून शोधेपर्यंत तो मावळूनही जातो.

दुर्बिणीची बाजूही भक्कम आहे. ५० मिलिमीटरच्या एका भिंगापेक्षा ती जवळपास पावणेसात पट प्रकाश गोळा करते. लहान, अंधूक धूमकेतू आणि त्यांच्या डोक्याचा दाट मध्य तिच्यातच नीट दिसतो. शनीची कडी, गुरूचे चंद्र वर्षभर बघायचे असतील तर दुर्बीणच घ्या. फक्त ती वांगणीसारख्या अंधाऱ्या जागेपर्यंत लोकलमधून कशी न्यायची, याचा विचार आधी करा. द्विनेत्री सॅकमध्ये मावते. तिला ट्रायपॉड मात्र हवा, हात थरथरला की शेपटी हरवते.

आता जागा. माझ्या लेखी ती साधनापेक्षा महत्त्वाची. सूर्यास्तानंतरच्या धूमकेतूला पश्चिम मोकळी हवी. घोडबंदर रोड किंवा वर्तकनगरच्या बाजूला येऊरचा डोंगर नेमका तिथेच आडवा येतो. वाशीच्या सागर विहारला खाडीवर पश्चिम खुली मिळते, पलीकडे मुंबईचे दिवे असले तरी. पहाटेचा धूमकेतू असेल तर गणित उलटतं: नवी मुंबईत पूर्वेला पारसिक डोंगराची रांग, त्यामुळे उंच इमारतीची गच्ची गाठावी. खरा अंधार हवा तर कर्जत लोकलने वांगणी. येऊरच्या जंगलात रात्री शिरू नका, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचंच रान आहे.

तारीखही पंचांगात बघा, चांदण्यात धूमकेतू फिका पडतो. २०२४ मध्ये त्सुचिन्शान-अ‍ॅटलस हा धूमकेतू दसऱ्याच्या सुमारास संध्याकाळी पश्चिमेला आला आणि चंद्र कोजागिरीकडे वाढत गेला. २०२५ चा लेमन पृथ्वीच्या सर्वात जवळ आला तो २१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या अमावास्येला: चंद्र नाही, पण फटाक्यांचा धूर. २०२० च्या जुलैतला निओवाईज तर भर पावसाळ्यात आला. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय कोणतंही साधन त्या दिशेला रोखू नका, मुलांच्या हाती तर नाहीच.

स्वतः धूमकेतू शोधायची इच्छा असणाऱ्यांना वेगळं सांगतो. भारतीय खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंनी १९४९ मध्ये हार्वर्डला असताना शोधलेल्या धूमकेतूला त्यांचं नाव मिळालं, बॉक आणि न्यूकर्क यांच्यासोबत. जपानचे हौशी निरीक्षक युजी ह्याकुताके यांनी १९९६ चा त्यांच्याच नावाचा तेजस्वी धूमकेतू २५×१५० च्या अजस्र द्विनेत्रीने टिपला. आता बहुतेक धूमकेतू स्वयंचलित सर्वेक्षणांनाच आधी सापडतात; तरी २०२३ मध्ये जपानचेच हौशी निरीक्षक हिदेओ निशिमुरा यांनी कॅमेऱ्याने एक शोधलाच. ठाण्याच्या उजळ आकाशाखालून ते जवळपास अशक्य आहे. त्यापेक्षा सोहो या सौर यानाची छायाचित्रं संगणकावर तपासायला बसा. त्यांत पाच हजारांहून जास्त धूमकेतू सापडलेत, त्यांतले बहुसंख्य हौशी लोकांना, आणि त्यासाठी ना द्विनेत्री लागते ना दुर्बीण.