खाटेसमोरचा कॅमेरा आणि गळ्यातलं बटण: ज्येष्ठांच्या देखरेखीचं किट वापरून

ठाण्याचे भाऊजी गणपतीत येताना सासूबाईंसाठी एक किट घेऊन आले. त्यात कॅमेरा, दाबलं की मदतीसाठी फोन जातो असं गळ्यात घालायचं बटण, गादीखाली सरकवायचा पट्टा आणि वेळेला वाजणारा गोळ्यांचा डबा. वर्षाची वर्गणी धरून २८ हजार. कंपनीचं नाव घालत नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच किट बरेच जण विकतात. नेटवरचे अभिप्राय वाचले तर बहुतेक मुलांचे, 'आता ऑफिसात निर्धास्त असतो' अशा धाटणीचे. ज्यांच्या गळ्यात बटण अडकवलंय त्यांचं काय म्हणणं, ते मला कुठे सापडलं नाही.

सासूबाई ८२ वर्षांच्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर घेऊन चालतात, डोकं माझ्यापेक्षा तल्लख. घर दापोली तालुक्यात आंजर्ल्याला, जांभ्याच्या चिऱ्याचं, मागे आगर. आमचे हे जहाजावर असतात, मी शाळेत. दुपारपर्यंत सोबतीला एक ताई येतात.

कॅमेरा लावला माजघरात, खाटेच्या बरोबर समोर. चित्र स्वच्छ, अंधारातही दिसतं, जाहिरात खोटी नाही. पण सासूबाईंचं अंग पुसणं, पातळ बदलणं सगळं त्याच खोलीत. म्हणून ताई तेवढ्यापुरता कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायच्या. कॅमेरा झाकला की ठाण्याला इशारा जातो, हे आम्हाला कुठे ठाऊक! एकदा पाठ पुसणं चाललेलं असताना भिंतीतून भाऊजींचा आवाज आला, "आई, काय झालं गं? दिसत का नाहीये?" सासूबाई दचकल्या, पदर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "अरे मेल्या, पाठ पुसून घेत्ये!" तेव्हा सगळेच हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून त्या 'आज राहू दे' म्हणायला लागल्या, आणि मग ते रोजचंच झालं.

ॲपवर पाच जणांना बघता येतं. पाचही जण भाऊजींनी निवडलेले. त्यातल्याच कुणीतरी आजी तोंड उघडं टाकून झोपलेली क्लिप घरच्या ग्रुपवर टाकली, खाली बदाम. प्रेमानेच टाकली असेल, नाही म्हणत नाही. ताईंना तर कुणी विचारलंच नव्हतं. त्या भाकरी खाताना कॅमेऱ्याकडे पाठ करून बसायच्या. माणूस दिवसभर कॅमेऱ्यासमोर काम करणार असेल तर ते कामाला ठेवतानाच सांगायला नको का?

बटण मात्र घ्यावं. ते दाबायचं की नाही हे सासूबाई ठरवतात, माझ्या लेखी सगळा फरक तिथेच आहे. पाण्याने बिघडत नाही, त्यामुळे न्हाणीघरातही गळ्यात राहतं, आणि आमच्याकडे पडायची खरी जागा तीच. माहितीपत्रकात पल्ला १०० मीटर लिहिलाय, पण चिऱ्याच्या दोन भिंती आड आल्या की तो मागच्या पायरीपाशीच संपतो. बटणाचा इशारा पकडणारं मुख्य यंत्र ओटीवरून उचलून मागच्या पडवीत ठेवलं, तेव्हा कुठे विहिरीपर्यंत पोचलं. विकत घेतलंत तर घरभर, परसात, संडासापर्यंत फिरून दाबून बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे फोन कुणाला आधी जातो. कंपनीने यादीत पहिलं नाव भाऊजींचं घातलेलं. ठाण्याहून निघालेला माणूस इथे पोचेपर्यंत पाच-सहा तास सहज जातात. आता पहिला नंबर गडग्यापलीकडच्या काकूंचा, दुसरा माझा, भाऊजी तिसरे. त्यांना जरा लागलं ते. बटण दाबल्यावर कंपनीच्या केंद्रावरून बोलणारी मुलगी हिंदीत सुरू होते. मराठी मागून घ्यावी लागते, मग मिळते.

गादीखालच्या पट्ट्यात चित्र नाही, म्हणून तो मला निरुपद्रवी वाटत होता. तो नाडी, श्वास आणि रात्री किती वेळा उठलात ते मोजतो. सकाळी फोन यायचा, "आई, रात्री तीनदा का उठलीस?" आता या वयात लघवीला उठण्याचाही हिशेब द्यायचा? सेटिंगमध्ये शोधून ते बंद केलं. उठून गेल्यावर अर्ध्या तासात परत आल्या नाहीत तरच इशारा, एवढंच ठेवलंय. गोळ्यांच्या डब्यात आता सुपारीची खांडं आहेत. तो वाजायच्या आधीच त्यांची गोळी घेऊन झालेली असते.

आणि लाईट. यंत्राची बॅटरी एक दिवस टिकते म्हणतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले, मोबाइलही मुके. किट आहे म्हणून काकूंकडची ये-जा कमी करू नका.

किट सुरू करतानाचा संमतीचा फॉर्म भाऊजींनी भरला, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असं आहे. पण घरच्या माणसाने घरगुती कामासाठी वापरलेली माहिती त्या कायद्याच्या बाहेर. म्हणजे तो कायदा कंपनीसाठी, मुलाशी मात्र घरातच बोलावं लागतं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्या खटल्यातले अर्जदार न्या. पुट्टस्वामी निकालावेळी नव्वदी ओलांडलेले होते. हे सासूबाईंना सांगितलं तर खूश झाल्या. "म्हाताऱ्यानेच करायचं होतं ते," म्हणाल्या.

सगळ्यांना एकच माप लावता येत नाही, हेही खरं. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांना विसरायला होतं, संध्याकाळी खाडीकडे चालायला लागतात. आज हो म्हणाले तर उद्या आठवणार नाही. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठावठिकाणा सांगणारा तुकडा शिवलाय. आधी घरचे बाहेरून कडी घालत होते. त्यापेक्षा तो तुकडा मी केव्हाही बरा म्हणेन.

कॅमेरा आम्ही काढला. जुनी चित्रं पुसून टाका असं कंपनीला लेखी कळवलंय. 'विनंती नोंदवली आहे' एवढंच उत्तर आलंय. बटण आणि पट्टा यांची पुढची वर्गणी सासूबाई त्यांच्या पेन्शनमधून भरणार आहेत. खातं त्यांच्या नावावर करून घेतलं, ओटीपी त्यांच्या साध्या फोनवर येतो. पाच जणांच्या जागी दोनच नावं ठेवलीत, आणि भाऊजींचं घालायचं की नाही ते दिवाळीत ते आले की बघू म्हणाल्यात.