शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद: चौदा महिने वापरून पाहिल्यावर

लोक मिक्सरचा, फवारणी पंपाचा, मोबाइलचा अनुभव लिहितात. मी एका पदाचा लिहिते आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा आहे. गेल्या वर्षी पट ५८, शिक्षक दोन. मागच्या पावसाळ्यात मी तिच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाले. झाले म्हणजे केल्या गेले. सभेत कोणीच उठेना, तेव्हा माझ्या जावेनं माझा हात धरून वर केला आणि सरांनी लगेच टाळ्या वाजवल्या.

डब्यावर काय लिहिलं होतं ते आधी सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ म्हणतं की समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवायची, विकास आराखडा करायचा, अनुदान कुठं गेलं ते पाहायचं. आपल्या राज्यात समिती १२ ते १६ जणांची, मुदत दोन वर्षं, महिन्याला एक सभा, मुख्याध्यापक सचिव. कलम २४ मला जास्त आवडलं. त्यात शिक्षकांनी पालकांची सभा घेऊन लेकराची हजेरी, शिकण्याची कुवत आणि प्रगती सांगायची, असं त्यांचं कर्तव्यच लिहिलं आहे.

आत काय निघालं? पहिले सहा महिने फक्त सह्या. इतिवृत्त सभेच्या आधीच लिहून तयार असायचं. ‘विद्यार्थी उपस्थितीबाबत चर्चा करण्यात आली व समाधान व्यक्त करण्यात आले.’ मी समाधान व्यक्त केलं, हे मला सही करताना कळायचं. आमच्यातल्या चार बायांच्या सह्या त्यांचे नवरे येऊन करून जायचे. एकीचा नवरा तर बायकोपेक्षा वळणदार सही करतो. माझ्या घरीही तेच: “तुले काय करा लागते? सही मार अन् ये घरी, गाय पिळाची आहे.”

सरांना दोष देत नाही. पाच वर्ग, दोन माणसं, त्यात रोजची ऑनलाइन माहिती. हजेरी आता मोबाइलवरही भरावी लागते आणि आमच्याकडे नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ येतं. सर रोज अकराला टाकीखाली उभे दिसले की गाव समजतं, हजेरी चालू आहे. पोषण आहाराचा आकडा वेगळा, यू-डायसचं, म्हणजे शाळेची सगळी माहिती सरकारी संकेतस्थळावर भरायचं, काम वेगळं. हे सगळे आकडे वर जायला बनवलेले आहेत. खाली, म्हणजे आमच्याकडे, त्यातून एक टक्केवारी परत येते. तारे द्यायचेच असतील तर त्या मोबाइलवाल्या हजेरीला मी दीड देईन. ती बिघडते म्हणून कमी देत नाही. ती ‘८७ टक्के’ सांगते आणि पुढं गप्प बसते म्हणून देते.

जानेवारीच्या सभेत मी सरांना डिसेंबरचं हजेरीपत्रक मागितलं. ते थोडे बिचकले, पण दिलं. अंगणात चटईवर बसून मी आणि दहावीत असलेल्या माझ्या पुतणीनं हिशोब केला. डिसेंबरात २५ दिवस शाळा भरली. ५८ लेकरं गुणिले २५, म्हणजे १४५०. त्यातल्या गैरहजेऱ्या १९०. टक्केवारी ८७ बरोबर होती. मग पुतणीनं लेकरागणिक बेरीज केली. आठ लेकरांच्या नावावर प्रत्येकी सतरा-सतरा दिवसांच्या आसपास, मिळून १३६ गैरहजेऱ्या. बाकीच्या पन्नास लेकरांच्या वाट्याला सरासरी एकेक दिवस. गावातली पन्नास लेकरं जवळपास रोज शाळेत होती आणि आठ जणांची शाळाच नव्हती. ८७ टक्के अशी स्थिती कोणाचीच नव्हती.

तेव्हा मी तालुक्याच्या बाजारातून दोनशे पानी वही आणली. एका लेकराला तीन पानं. वर नाव, वर्ग, सकाळी घरी कोण असतं, शाळेपर्यंतची वाट कशी. खाली फक्त तारीख आणि कारण. या वहीला मी साडेचार तारे देते. अर्धा कापला कारण शिवण कच्ची निघाली, मार्चपर्यंत मधली पानं सुटली होती.

त्या आठ जणांकडे घरोघरी गेल्यावर कळलं की ‘कापूस वेचाले गेली’ या एका वाक्यात किती गोष्टी कोंबल्या आहेत. तिसरीतली एक पोरगी वेचत नव्हतीच. मी विचारलं, “काहून नाही पाठवून राहिल्या व तिले?” आई म्हणाली, “ताई, थे बारक्याले सांभाळते. मी वेचाले गेली तं त्याले कोण पायते?” अशा तिघी होत्या. दोघे भाऊ-बहीण आईबापासोबत वीटभट्टीवर गेलेले. पोडावरचं, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचं, एक लेकरू, आई उजाडायच्या आधी निघते, त्याला उठवून धाडणारं कोणी नाही. एकाला सिकलसेल, हा रक्ताचा आजार. थंडी पडली की त्याचे हातपाय इतके दुखतात की चालवत नाही, आणि शाळेला वाटायचं पोट्टं कामचुकार आहे. आठवा चौथीतला, धडधाकट, घर शाळेच्या मागेच. त्याच्याबद्दल पुढं सांगते.

आठ लेकरं, पाच कारणं. एकच ‘उपस्थिती वाढवा’ असा ठराव या सगळ्यांना लागू पडणार कसा? बारक्याला सांभाळणाऱ्या तिघींसाठी मॅडमनी स्वतः मार्ग काढला. व्हरांड्यात साडीची झोळी बांधली, लहानग्याला सोबत आणायची मुभा दिली. वर्गात मधूनच रडणं ऐकू येतं, येऊ द्या. तिघींपैकी दोघी नियमित झाल्या. उरलेल्या एकीच्या आईला ते पटलं नाही, तिचं पान अजून भरतंच आहे. सिकलसेलवाल्याच्या पानावर मी ‘आजारी’ लिहायला लावलं आणि दुखण्याच्या दिवसांचा अभ्यास त्याच्या बहिणीच्या हाती पाठवणं सुरू केलं. वीटभट्टीवर जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी पत्रक असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जिथं कुटुंब जाईल तिथल्या शाळेत ते दाखवून लेकराला बसता येतं. आमच्या दोघांना ते मिळालंच नव्हतं, कारण जाताना कोणी सांगून गेलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

एक जुनी गोष्ट इथंच सांगावीशी वाटते. गरीब घरातल्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या विमुक्त घरांतल्या मुलींना पहिली ते चौथीत रोजच्या हजेरीचा एक रुपया उपस्थिती भत्ता असतो. योजना १९९२ ची. तेव्हा एका रुपयाला घरात काहीतरी यायचं. आता वेचणीचा हिशोब किलोवर होतो आणि पहिल्या तासातच तो रुपया मागं पडतो. तरीही दोन आयांनी मला विचारलं, “पोरीचा भत्ता जमा झाला का?” रुपयासाठी नव्हे, पोरीच्या नावानं काहीतरी येतं म्हणून.

मग दुपार. हे खिचडी शिजवणाऱ्या ताईनं दाखवून दिलं. पहिली ते पाचवीच्या लेकरामागं १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण आहे. ताट म्हणजे तिच्यासाठी माणूस. ती म्हणाली, “सकाळी मी एकोणपन्नास ताटं धुतो, तीन वाजता झाडाले जातो तं छत्तीस डोके दिसते.” मी तीन दिवस जाऊन मोजलं, बरोबर निघालं. जेवण झालं की तेरा जण कुंपणातून पसार. हजेरीपत्रकात दुपारही हजरच. कारण साधं होतं. त्या वेळी सर कार्यालयात ऑनलाइन कामात आणि मॅडम एकट्या पाच वर्गांवर. आता गोष्टी, गाणी, कागदकाम दुपारी घेतात आणि गणित सकाळी. डोकी चव्वेचाळीसच्या आसपास राहतात. शनिवारची गोष्ट विचारू नका.

प्रगतीच्या बाबतीत मी चूक केली, ती लपवत नाही. प्रगतिपत्रकात चौथीतल्या बारा जणांपैकी ब-२ च्या खाली कोणीच नव्हतं. ब-२ म्हणजे ६१ ते ७० टक्के. शाळेमागच्या घरातला तो आठवा पोरगाही ब-२. मी दुसरीचं पुस्तक उचललं आणि वर्गातच एकेकाला वाचायला लावलं. ‘असर’ या लेकरांच्या शिकण्याच्या देशभरातल्या पाहणीत २००५ पासून असंच करतात: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, लेकरू कुठपर्यंत पोचतं ते पाहायचं. आमच्यात पाच जण गोष्टीपर्यंत, तिघे परिच्छेदापर्यंत, तिघे शब्दांवर आणि एक अक्षरांवर अडकलेला. तोच आठवा. सगळ्यांसमोर त्याचा चेहरा पडला आणि तो दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आला नाही. सर चिडले. “ताई, तुम्ही समितीच्या अध्यक्ष आहा की शिक्षणाधिकारी?” मला राग आला होता, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पाहणी करणारे असं वर्गासमोर कधी करत नाहीत, एकेकट्यालाच विचारतात. ते मी पाहिलं नव्हतं.

त्याच्या घरी मी चार वेळा गेले. पाचव्यांदा मॅडम गेल्या, तेव्हा तो आला. त्याचं न येणं आणि न वाचता येणं या दोन गोष्टी नव्हत्याच. आता चाचणी मॅडम घेतात, महिन्यातून एकदा, व्हरांड्याच्या कोपऱ्यात एकेकट्याची. मला फक्त वहीत लिहायला पातळी सांगतात. घाई का करायची तर आपल्या राज्यात २०२३ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. पुन्हा संधी देऊनही लेकरू नापास झालं तर त्याच वर्गात राहतं. चौथीत ब-२ लिहून पुढं ढकललेलं पोरगं पाचवीत अडकेल आणि तेव्हा सगळे म्हणतील, अचानक काय झालं.

पटाचा भाग सगळ्यात कडू आहे. विदर्भात उन्हामुळं शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडते. कॉन्व्हेंटची गाडी मात्र एप्रिलपासूनच गावात फिरून नावं लिहून नेते. अंगणवाडीतून पहिलीत येणारी लेकरं या वर्षी चौदा होती. शाळापूर्व तयारीचा मेळावा घेतला, ढोल वाजवला, मी स्वतः प्रत्येक दारी गेले. दहा आली. कायद्याच्या अनुसूचीत ६० पटापर्यंत दोन शिक्षक आणि ६१ पासून तीन. तिसऱ्या शिक्षकाचं स्वप्न पाहत आम्ही बोटं मोजत होतो. नंतर समजलं की संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे त्याचा, हिशोब वेगळ्या निकषांवर आणि आधार जुळलेल्या पटावर चालतो. आमच्या चार लेकरांच्या आधारवर नाव किंवा जन्मतारीख चुकलेली. वर्गात बसतात, खिचडी खातात, पण त्या हिशोबात नाहीत.

याउलट एक पोरगा हिशोबात होता आणि वर्गात नव्हता. कॉन्व्हेंटला जातो, पण दाखला नेलेला नव्हता. सर म्हणाले, “राहू द्या ताई, पट दिसते.” ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरच्या लेकरांचा केवढा गवगवा झाला होता, ते मला आठवत होतं. मी नाव कमी करायला लावलं. पाचवी पास होऊन बारा गेले, दहा आले, हा एक कमी झाला, आज पट ५५. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गावात दोघांनी ऐकवलं की अध्यक्षबाईनं शाळा बुडवायचा विडा उचलला आहे. पट वीसच्या खाली गेलेल्या शाळांचं काय होऊ शकतं, ते २०२३ च्या समूह शाळांच्या, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करायच्या, चर्चेपासून सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची भीती खोटी नाही. पण कागदावरच्या ५६ वर खुश राहून मी कोणाची देखरेख करणार होते?

पद कोणी घ्यावं? ज्याला महिन्यातून चार दुपारा मोकळ्या करता येतात त्यानं. मानधन नाही, चहा स्वतःचा. भांडखोर माणसानं घेऊ नये, तो सर-मॅडमना पहिल्याच महिन्यात तोडून टाकेल आणि मग हजेरीपत्रक कोणी दाखवणार नाही. अगदीच गरीब गाईनंही घेऊ नये, तिला समाधान व्यक्त करावं लागेल. पदाला मी तीन तारे देते. समितीच्या व्हॉट्सॲप गटाला एकही नाही, तिथं फक्त शुभ सकाळ येते.

अजून दहा महिने उरले आहेत. सोयाबीनची सोंगणी संपत आली आहे, वेचणी सुरू झाली की वहीतली पानं पुन्हा भरायला लागतील. या वेळी भट्टीवर जाणाऱ्या घराला मी दसऱ्याच्या आधीच गाठलं. दोन्ही लेकरांची हमी पत्रकं आणि त्यांची वाचनाची पातळी त्यांच्या आईच्या पेटीत ठेवली आहेत.

परवा सभा झाली. नऊ जण आले, बायकांच्या जागी बायकाच आल्या. सरांनी इतिवृत्ताची वही उघडली तर पान कोरं होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “हं ताई, सांगा, या महिन्यात कोण कोण नाही येऊन राहिलं?”