यूपीआय लाइट: काही महिने वापरल्यावर

यूपीआयबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. एप्रिल 2016 मध्ये ही सोय आली, त्याच वर्षीच्या नोटबंदीने तिला वाट करून दिली आणि बघता बघता भाजीच्या गाडीवरही क्यूआर कोड लटकला. वैताग होता तो पासबुकाचा. दहा-वीस रुपयांच्या नोंदींनी पानंच्या पानं भरायची आणि त्यातून विम्याचा हप्ता शोधताना डोळे दुखायचे. म्हणून लाइट सुरू केलं.

ॲपमध्ये खातं निवडायचं, रक्कम टाकायची, एकदा पिन द्यायचा. तेवढे पैसे बाजूला निघतात आणि त्यातून खर्च करताना पिन लागत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये हे आलं तेव्हा एका वेळी जेमतेम 200 रुपये देता यायचे, पुढे ते 500 झाले. डिसेंबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने मर्यादा एका व्यवहाराला 1000 आणि एकूण शिलकीला 5000 अशी वाढवली. किरकोळ खर्चाला हे भरपूर झालं. महिन्याचा किराणा भरताना पिन लागतोच, आणि लागावाच.

खरा फरक जाणवतो तो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. पगाराच्या दिवसांत माझ्या बँकेचं सर्व्हर हटकून रखडायचं. पैसे कापलेले, दुकानदार साउंडबॉक्सकडे कान लावून बसलेला, मागे रांग. लाइटचे छोटे व्यवहार बँकेच्या कोअर बँकिंगला, म्हणजे खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या मुख्य यंत्रणेला, हात न लावता होतात, त्यामुळे ही रखडपट्टी जवळपास संपली. इंटरनेट मात्र लागतंच! नाव ऐकून बऱ्याच जणांना वाटतं की हे नेटशिवाय चालतं. तसं नाही, तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज गेली की लाइटही गेलं. नेटशिवाय चालणारं लाइट एक्स वेगळं, त्याला एनएफसी, म्हणजे फोन जवळ आणून माहिती पाठवायची सोय, असलेले फोन लागतात.

पासबुक स्वच्छ झालं, पण हिशेब ॲपमध्ये जाऊन बसला. बँकेच्या नोंदीत फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची एक ओळ दिसते, पुढे ते कुठे गेले हे ॲपलाच विचारायचं. खर्च लिहून ठेवणाऱ्यांना हे जाचेल. शिलकीवर व्याज नाही, अर्थात एवढ्याशा रकमेवर ते मिळून काय होणार होतं म्हणा. दुकानदाराने पैसे परत केले तर ते लाइटमध्ये येत नाहीत, थेट खात्यात जमा होतात. हे माहीत नसलं की उगाच शोधाशोध होते.

ऑटो टॉप-अप मी बंदच ठेवलंय. शिल्लक ठरवलेल्या रकमेखाली गेली की ती आपोआप भरली जाते, सोय म्हणून उत्तमच. पण आई आठवड्याचे पैसे डब्यात काढून ठेवायची आणि डबा हलका झाला की हात आखडायची. यूपीआय आल्यापासून तो अडसरच उरला नव्हता. लाइट हाताने भरलं की तो परत मिळतो. गुरुवारीच शिल्लक संपली तर आठवडा कुठे गेला हे विचारावं लागतं.

पिन नाही म्हणजे उघडा फोन ज्याच्या हातात, त्याच्या हातात पैसे. ॲपलॉक लावाच. तरीही वडिलांना मी हेच सुरू करून दिलं. भर बाजारात, चार लोकांसमोर पिन दाबायला ते बिचकायचे आणि नोटाच काढायचे. आता त्यांच्या लाइटमध्ये एका वेळी 500 च भरतो.