कॉलेज रोडचं मनोविकार क्लिनिक: बाबांना घेऊन गेले, त्याचा अनुभव

क्लिनिकचं नाव देत नाही. तक्रारीही आहेत आणि बाबांना सुरगाण्याकडं बरेच जण ओळखतात. नाशिकच्या कॉलेज रोडच्या एका गल्लीत, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर, एवढं पुरे. पाटीवर 'मेंदू' मोठ्या अक्षरांत आणि 'मनोविकार' बारीक. पाटी रंगवणाऱ्याला माझा नमस्कार, कारण 'डोकं तपासायला गेलो होतो' असं गावात बिनधास्त सांगता येतं. नाहीतर घरात एकच धास्ती होती, ठाण्याला तर नेऊन टाकणार नाहीत ना? मनोरुग्णालय म्हटलं की आमच्याकडं ठाणंच आठवतं.

आम्ही कोकणा आदिवासी. बाबा डोंगऱ्या देवाच्या उत्सवातले जुने माऊली, म्हणजे देवाचं व्रत धरणारे. मार्गशीर्षात त्यांच्या अंगात वारं येतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. यंदा मात्र भात कापून झाला आणि माणूस बसूनच राहिला. पहाटे तीनला जाग, नागलीची भाकर अर्धी टाकलेली, बैलांकडं बघणंसुद्धा नाही. 'बाहेरचं आहे' म्हणून भगतानं सुपात तांदळाचे दाणे पाहिले, कोंबडं दिलं. मग मी नाशिकच्याच एका डॉक्टरकडं नेलं, तर भगताचं नाव निघताच ते कंपाउंडरकडं बघून हसले. बाबांनी त्यांची चिठ्ठी सीबीएस स्टँडवरच फाडून टाकली.

या क्लिनिकमधल्या डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत. पहिलाच प्रश्न, "बाबा, हे कशानं झालं असं तुम्हाला वाटतं? घरचे काय म्हणतात?" मग भगतानं काय सांगितलं ते नीट ऐकून घेतलं. "वारं उत्सवातच येतं का एरवीही? येऊन गेल्यावर बरं वाटतं का त्रास होतो? यंदा आलं?" बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "यंदा नाय आलं. देवानं सोडलं मला." वारं आलं नाही हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. बाबांनी त्याचा काय अर्थ लावला, हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी आश्रमशाळेत शिकवते.

नंतर वाचलं, अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या ग्रंथात 2013 पासून अशाच धाटणीचे 16 प्रश्न छापलेले आहेत. मग बाकीचे डॉक्टर ते का विचारत नाहीत, कोण जाणे.

गोळी एस्सिटॅलोप्रॅम, नैराश्यावरची, रोज एक. दोन-चार आठवडे फरक जाणवणार नाही, सुरुवातीला मळमळेल, पण मनानं बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. भगताकडं जायला मनाई नाही, फक्त त्यानं दिलेली मुळी पोटात घेण्याआधी फोन करायचा. या बोलीवर बाबा राजी झाले. आता झोप लागते, बैलांना पाणीही तेच दाखवतात.

समुपदेशनाला मात्र मी पैसे देणार नाही. तिथल्या मुलीनं छापील फॉर्म वाचला: गेल्या 2 आठवड्यांत उदास वाटलं का, 0 ते 3 मध्ये सांगा. बाबांनी नऊच्या नऊ प्रश्नांना शून्य सांगितलं. त्याच दिवशी मॅडमनी "बैलांना चारा कोण घालतं हल्ली?" एवढंच विचारलं, तर ते रडायला लागले. वर त्या मुलीचा सल्ला, रोज थोडा वेळ एकटे बसा, स्वतःसाठी! आमच्या घरात माणूस एकटा बसला की चुलती विचारायला येते, काय बिघडलं.

रिसेप्शनवर नाव, गाव, तालुका सगळं मोठ्यानं पुकारतात. बाकावर दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार बसलेले असतात आणि आमच्या गावची माणसं हंगामाला त्यांच्याच बागांत राबतात. गावाचं नाव ऐकून एकानं वळून बघितलंच. टोकन नंबर द्यायला काय जातं यांचं?

फी पहिल्यांदा 800, नंतर 500. शिवाय सुरगाण्याहून एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. परवडत नसेल तर त्र्यंबक नाक्याच्या सिव्हिलमध्ये दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू, फुकट, रात्रीअपरात्री मराठीत बोलता येतं.

इथं यायचंच तर फोनवर मॅडमचीच वेळ मागा, फॉर्मवाल्या मुलीकडं आधी पाठवू नका म्हणावं. आणि आमच्या भागातून येणार असाल तर दुपारची वेळ घ्या, म्हणजे सकाळच्या एसटीनं निघून पोचता येतं.