आईसाठी वृद्धाश्रम की ब्युरोची बाई? आधी कागद बघा

आमची आई गुहागरला एकटी, आम्ही दोघं भावंडं डोंबिवलीत, आणि तिचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर दोनच रस्ते होते, चिपळूणकडचा एक वृद्धाश्रम नाहीतर घरी सेवेला माणसं पाठवणाऱ्या ब्युरोतून चोवीस तासांची बाई. लायसन्स आहे का विचारलं तर दोघंही पटकन हो म्हणाले, पण कागद हातात घेतल्यावर कळलं की दोघांचं 'हो' वेगळं आहे.

वृद्धाश्रमाने दाखवलं ते धर्मादाय आयुक्तांकडचं ट्रस्टचं रजिस्ट्रेशन, १९५० च्या कायद्याखालचं. त्यात विश्वस्त कोण, हिशेब, मालमत्ता हे येतं, रात्री वीस म्हाताऱ्यांमागे किती बाया जाग्या असतात हे नाही येत. आजारी किंवा अशक्त माणसाला ठेवून घेऊन उपचार आणि नर्सिंग द्यायचं तर १९४९ चा नर्सिंग होम कायदा लागतो, ती नोंदणी दर तीन वर्षांनी रिन्यू करावी लागते. म्हणून कॅथेटर (लघवीची नळी), नाकातली नळी, बेडसोअर (पडून राहून झालेल्या जखमा) असं काही असेल तर हाच कागद मागा आणि त्यावरची तारीख बघा. नुसतं जेवणखाण आणि सोबत हवी असेल तर ट्रस्टवालं चालेल, तिथे आधी दोन वेळा न सांगता जाऊन या.

ब्युरोकडे बहुतेक फक्त दुकाने-आस्थापनाची नोंद असते, आणि कामाला माणसं थोडी असतील तर २०१७ च्या कायद्यात नुसती सूचना दिली तरी पुरतं. सिस्टर म्हणून पाठवली तर तिचा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नंबर मागा, एएनएम का जीएनएम, यातला नर्सिंगचा कोणता कोर्स केलाय तेही विचारा. आया किंवा मावशीला असा नंबर नसतोच, तिच्याकडून इंजेक्शन देऊन घेऊ नका, प्लीज.

२०१९ मध्ये लोकसभेत आलेल्या विधेयकात वृद्धाश्रम आणि घरी सेवा देणाऱ्या संस्था दोघांनाही नोंदणी आणि किमान दर्जा लावायचं होतं, पण २०२४ ला लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आम्ही घरी बाई ठेवली कारण आई वॉकरवर चालते आणि तिला तिचं खळं सोडवत नाही. एक गोष्ट लिहून घेतली, बाई गेली तर बदली किती तासांत येणार, कारण आपल्याकडे गणपतीत सगळ्याच गावाला जातात आणि पावसात एसटीचा भरवसा नसतो. तक्रारीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे, तो नंबर आईच्या फोनजवळ मोठ्या अक्षरात चिकटवलाय.