बाल्डर्स गेट ३ : नऊ महिने, दोन डाव आणि शेजारी बसलेली आई

गेल्या दिवाळीनंतरच्या सेलमध्ये हा गेम घेतला. एरवी किंमत तीन हजारांच्या आसपास असते. आता श्रावण सुरू आहे आणि स्टीमवर, म्हणजे जिथून गेम घेतला त्या ऑनलाइन दुकानावर, ३१० तासांची नोंद दिसते आहे. दोन डाव पूर्ण झाले, तिसरा अर्ध्यावर आहे. इतके दिवस लिहिलं नाही, कारण पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि चौथ्या महिन्यात नुसती तक्रार. पुढे कथेतल्या काही मोठ्या गोष्टी उघड होणार आहेत. खेळायचा विचार असेल तर ‘आता ती सराई’ या ओळीपर्यंत वाचा आणि थांबा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेल्जियमच्या गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओजनं हा गेम ३ ऑगस्ट २०२३ ला पीसीवर आणला. आधीचे दोन भाग १९९८ आणि २००० सालचे, आणि ते बायोवेअर या दुसऱ्याच कंपनीचे. खेळाचे नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर बेतलेले आहेत. सुरुवातीलाच तुमच्या डोळ्यातून मेंदूत एक अळी सोडली जाते. तिच्यामुळे तुम्ही काही दिवसांत तोंडाला सोंडा असलेले राक्षस होणार असता. तीच आपत्ती ओढवलेले आणखी काही जण वाटेत भेटतात, त्यांच्याबरोबर उपाय शोधत फिरायचं. चार जणांची टोळी, बाकीचे तळावर.

प्रत्येक गोष्टीचा निकाल वीस बाजूंच्या फाशावर लागतो. कुलूप उघडायचं, पहारेकऱ्याला पटवायचं, तलवार मारायची, सगळं फाशावर. तुमचं कौशल्य त्या आकड्यात मिळवलं जातं आणि समोरच्या आकड्याशी तुलना होते. कुणाला पटवताना एक पडला की कितीही तरबेज असा, फसलात. वीस पडला की जमलंच. सेटिंग्जमध्ये ‘कार्मिक डाइस’ म्हणून एक पर्याय मुळातच चालू असतो. सलग वाईट दान पडू नये म्हणून तो फासा थोडा सांभाळून घेतो. मी तो पहिल्याच आठवड्यात बंद केला आणि तुम्हीही करा असं सुचवेन. लहानपणी सारीपाट खेळलेल्या माणसाला सांभाळून घेतलेला फासा लगेच कळतो.

जुन्या दोन भागांचे चाहते एका गोष्टीवर अजून नाराज आहेत. त्या भागांत लढाई चालू वेळेत, म्हणजे सगळ्यांची एकदमच, व्हायची आणि हवी तेव्हा थांबवता यायची. इथे आळीपाळीनं खेळायचं : तुमची पाळी, मग शत्रूची. गॉब्लिन नावाच्या खुज्या राक्षसांच्या छावणीत एकेका फेरीत पंधरा-वीस जणांची पाळी यायची वाट बघत बसावं लागतं, आणि तेव्हा त्यांचं म्हणणं मलाही पटतं. तरी मी या पद्धतीच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण माझ्या घरातलं आहे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई दोन महिने वाईहून माझ्याकडे पुण्याला आली होती. रात्री जेवणं झाली की मी लॅपटॉप टीव्हीला जोडायचो आणि ती आरामखुर्चीत पाय वर करून बसायची. पहिले दोन दिवस तिनं जपमाळ ओढली. तिसऱ्या दिवशी माळ मांडीवरच राहिली आणि तिनं विचारलं, “ते कुत्रं तिथे का बसलंय रे?”

रस्त्याच्या कडेला एक माणूस मरून पडलेला असतो आणि त्याचं कुत्रं, स्क्रॅच त्याचं नाव, त्या मढ्याजवळ राखण करत असतं. प्राण्यांशी बोलायचा मंत्र घेतला की ते सांगतं, मित्र झोपलाय, उठत नाहीये. तुम्ही त्याला खरं सांगू शकता किंवा वाट बघू देऊ शकता. हात पुढे करून हुंगू दिला तर पुढे ते तळावर येतं आणि शेवटपर्यंत राहतं. आईला मी हे सगळं मराठीत सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्याला घे आधी. बाकीचं नंतर बघ.” तो मंत्र लढाईबाहेर फुकट पडतो आणि तळावर मुक्काम करेपर्यंत टिकतो. त्या दिवसापासून मी तो कधी उतरूच दिला नाही. खारी, उंदीर, बैल, वाटेत दिसेल त्याच्याशी बोललो, आणि जवळजवळ प्रत्येकाकडे स्वतःचं काही सांगण्यासारखं होतं.

गेमच्या भाषांच्या यादीत तुर्की आहे, युक्रेनियन आहे, पोलिश आहे. एकही भारतीय भाषा नाही. त्यामुळे दोन महिने प्रत्येक संवाद मी मराठीत करून सांगत होतो, आणि त्यातूनच मला हा गेम नीट कळला. मोठ्या गेमांतले बरेच संवाद दुसऱ्याला सांगायला घेतले की हातात काही उरत नाही. नुसती नावं, राज्यं, शतकं. इथलं सांगता येत होतं, कारण प्रत्येक प्रसंगात कुणालातरी कुणाकडून काहीतरी हवं होतं. रॅफेल नावाचा एक सैतान येतो. रुबाबदार, गोडबोल्या, समोर पंचपक्वान्नं मांडून म्हणतो, मी तुमची अळी काढतो, बदल्यात फक्त आत्मा. आईनं दुसऱ्या वाक्याला ओळखलं : “सावकार आहे हा. कागदावर अंगठा मागणार.” तिसऱ्या अंकात तो खरोखरच करारपत्र घेऊन येतो. मी सही केली नाही. त्याच्या घरात शिरून हवी ती वस्तू उचलली आणि शेवटी त्याच्याशी लढलो. त्या लढाईला मागे जे गाणं वाजतं ते त्याच्याच आवाजात आहे. दोन रात्री गेल्या त्यात, आणि गेममधली ती माझी सगळ्यात आवडती लढाई आहे.

मेलेल्यांशी बोलायचाही मंत्र आहे. प्रेताला पाचच प्रश्न विचारता येतात. पर्याय काय आहेत ते मी वाचून दाखवायचो आणि कोणता घ्यायचा ते आई ठरवायची. कुणी मारलं, हा तिचा पहिला. ज्याला तुम्हीच मारलंय तो मात्र तुमच्याशी बोलत नाही. “बरोबर आहे त्याचं,” आई म्हणाली. आणि हे सगळं चालू असताना गेम थांबलेला. तिची गोळी आणायला उठलो, शेक द्यायला बसलो, शत्रूची तलवार हवेत तशीच. चालू वेळेतल्या लढाईत हे जमलं नसतं.

आता ती सराई.

पहिल्या अंकात टीफ्लिंग नावाचे निर्वासित भेटतात. शिंगं आणि शेपटी असलेली माणसं. त्यांचं शहर नरकात ओढलं गेलं होतं. ते परत आलं, पण त्याचं खापर यांच्यावर फुटलं आणि यांना हाकललं गेलं. बायका-मुलं घेऊन ते बाल्डर्स गेट शहराकडे निघालेले असतात. त्यांना वाचवलंत तर दुसऱ्या अंकात, अंधाराच्या शापानं मेलेल्या मुलखात, ‘लास्ट लाइट’ नावाच्या सराईत त्यातले बरेचसे पुन्हा दिसतात. तिथे इझोबेल नावाची एक पुजारीण चंद्राच्या प्रकाशाचं कवच धरून उभी आहे. तेवढ्या घेऱ्यातच माणसं जिवंत राहू शकतात. तिला भेटायला तुम्ही माडीवर जाता, बोलणं होतं, आणि तिला पळवायला शत्रू आत घुसतात.

मी तळावर न थांबता तसाच वर गेलो होतो. दोघांचे मंत्र संपलेले, एक जण अर्धमेला. तिसऱ्या फेरीत इझोबेल पडली. कवच विझलं. मग खाली अंगणात उतरल्यावर जे दिसतं ते मी अजून विसरलो नाही. ज्या माणसांना मी पन्नास तासांपूर्वी वाचवलं होतं, ज्यांची नावं आईला पाठ झाली होती, ती सगळी सावल्यांची भुतं होऊन अंगावर येतात, आणि त्यांना मारल्याशिवाय सुटका नसते. त्यात डॅमन होता. डॅमन म्हणजे लोहार.

लोहाराचं एवढं काय, ते कार्लाकमुळे. कार्लाक ही तुमच्या टोळीतली. तिचं काळीज काढून तिथे नरकातलं धगधगतं यंत्र बसवलेलं आहे. दहा वर्षं ती तिकडे दुसऱ्याच्या युद्धात लढली आणि पळून आली. अंगाची आग इतकी की तिला कुणी हात लावू शकत नाही. डॅमन ते यंत्र दोनदा दुरुस्त करतो. पहिली दुरुस्ती पहिल्या अंकात होते, दुसरी या सराईत. दुसरीनंतर दहा वर्षांत पहिल्यांदा तिला कुणी मिठी मारू शकतं. माझ्याकडे त्यासाठी लागणारं लोखंड पिशवीत पडून होतं.

वीस मिनिटांपूर्वीचा सेव्ह होता, म्हणजे तिथून पुन्हा खेळता आलं असतं. खेळाडूंमध्ये यावर कायम वाद असतो, मागे जावं की नाही. मी मागे गेलो नाही, पण ते कुठल्या तत्त्वासाठी नव्हे. आईसाठी ती गोष्ट घडून गेली होती. ती काठी घेऊन उठली, देवघरातला दिवा बघून आली आणि म्हणाली, “तिला सांगितलंस का, लोहार गेला म्हणून?” त्यानंतर तो सेव्ह उघडणं मला शक्य झालं नाही. पहिल्या डावात कार्लाकला शेवटपर्यंत कुणी हात लावला नाही. ती तळावर शेकोटीपाशी उभी असायची आणि स्क्रॅच बाकी सगळ्यांजवळ जायचा. शंभर तास मी ते बघत होतो.

या एका गोष्टीसाठी मी हा गेम इतरांच्या पुढे ठेवतो. सराई पडली म्हणून मोठा फलक लागत नाही, कथाही थांबत नाही. फक्त पुढे कुठे दुकान बंद असतं, कुठे जी मुलं भेटायला हवी होती ती भेटत नाहीत, आणि एका बाईला मिठी मिळत नाही.

तक्रारीही आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. तिसरा अंक सगळ्यात मोठा, म्हणजे आख्खं शहर, आणि तिथे गेमला दम लागतो. माझ्या लॅपटॉपला चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे, म्हणजे किमान गरजेइतकंच. पहिले दोन अंक मध्यम सेटिंगवर छान चालले. शहराच्या खालच्या भागात गर्दीमुळे प्रोसेसरवर ताण येतो आणि चित्र अडखळतं. १५० जीबी जागा लागते, आणि एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, नसेल तर घेऊच नका. शहरात एकाच वेळी इतकी कामं अंगावर पडतात की धागा हातातून सुटतो. बाराव्या पातळीवर पात्रांची वाढ थांबते, आणि मी शहर अर्धंही पाहिलं नव्हतं तेव्हाच तिथे पोहोचलो. पुढचे तीस तास नवं काही शिकायला नाही. सामानाची पिशवी हे वेगळंच दुखणं : दोऱ्या, चमचे, सडके टोमॅटो, चारशे पत्रं. दोन मजली घरात कॅमेरा छपरात अडकतो. विल या साथीदाराची गोष्ट बाकीच्यांच्या मानानं तोकडी आहे. सैतानाशी करार केलेला तरुण, शहराच्या सरदाराचा मुलगा, एवढं असूनही त्याच्या वाट्याला कमी प्रसंग आले आहेत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घरात सगळ्यांसमोर खेळणार असाल तर आधी सेटिंग्जमधून नग्नता बंद करा. तसा पर्याय आहे आणि तो नीट चालतो. तरी मुलांना शेजारी बसवायचा हा गेम नव्हे. रक्तपात भरपूर आहे.

लॅरियनचं एक मात्र मानलं पाहिजे. आत पैसे मागणारं दुकान नाही आणि विकत घ्यायची जोडकथा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी शेवटानंतरचा एक भाग मोफत जोडला. सहा महिन्यांनी सगळे साथीदार तळावर पुन्हा जमतात, आणि तुमच्या प्रत्येक निर्णयाचं पुढे काय झालं ते त्यांच्या तोंडून कळतं. एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या सुधारित आवृत्तीत, पात्रांसाठी बारा नवे उपवर्ग आले, तेही मोफत. माझा तिसरा डाव त्यांच्यासाठीच चालू आहे.

दुसरा डाव मी फेब्रुवारीत सुरू केला. आई तोवर वाईला परतली होती. या खेपेला सराईत शिरण्याआधी पूर्ण मुक्काम केला. इझोबेलशी बोलायच्या आधी दोघांना माडीवर नेऊन उभं केलं, आणि लढाई सुरू होताच तिच्यावर ‘सँक्च्युअरी’ मंत्र टाकला. तो असताना शत्रू तिच्यावर थेट वार करू शकत नाही. नव्या खेळाडूंनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. कवच टिकलं. अंगणात सगळे होते. डॅमन भट्टीपाशी होता. लोखंड दिलं, त्यानं ठोकठाक केली, आणि कार्लाकला कळेना की हात पुढे करावा की नाही. मग तिनं केला.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. वाईला इतक्या उशिरा मी फोन करत नाही. केला. सगळं सांगितलं : पुजारीण वाचली, लोहार वाचला, तिला मिठी मारली. आई म्हणाली, “बरं झालं.” थोडं थांबून विचारलं, “कोणी मारली पहिली?”

मी, म्हटलं.

“आता कुत्र्यालाही जाऊ दे तिच्याजवळ,” ती म्हणाली, आणि गुडघ्याचं सांगू लागली.