पिंजर की तमस?

शिवाजी विद्यापीठात एम.ए. करणारी भाची रंकाळ्यावर भेळ खाता खाता म्हणाली, "मावशी, फाळणीच्या जखमेवर लिहायचंय. एकच कादंबरी घेणार. कुठली?"

अमृता प्रीतम यांची 'पिंजर' (१९५०) लहान, दोन बैठकींत संपते. पण पळवून नेलेल्या पुरोच्या हातावर तिचं नवं नाव 'हमीदा' गोंदवतात ना, तिथं मी पुस्तक मिटून चहा ठेवला होता. माहेर गेलं, नावही गेलं. शेवटी परतीची वाट उघडते, तरी ती जात नाही.

भीष्म साहनी यांची 'तमस' (१९७४) जाडजूड, माणसं भरपूर. सुरुवातीला गोंधळ उडतो. नथू नावाचा गरीब चांभार डुक्कर मारतो (तेच मग मशिदीच्या पायऱ्यांवर सापडतं) तो पहिलाच प्रसंग मात्र पिच्छा सोडत नाही. इथं जखम अख्ख्या गावाची.

एका बाईचं तुटणं मांडायचं तर 'पिंजर'. दंगल कशी पेटवतात ते दाखवायचं तर 'तमस'. आठवडाच हातात असेल तर, बये, 'पिंजर'च घे.